उभ्या एसटीत घाट

ऑपरेशनचा चौथा दिवस. काका खाटेच्या कडेला दोन्ही हातांनी कठडा धरून बसले होते. तीस वर्षं एसटीत कंडक्टर. धावत्या गाडीत, एका हातात तिकिटांचा ट्रे आणि दुसऱ्या हातात सुटे पैसे घेऊन, पाठ कशालाही न टेकता उभा राहिलेला हा माणूस. त्यांना ऐकू येत नसल्यामुळे मी पाटीवर लिहिलं, ‘चक्कर कितपत आहे?’ त्यांनी वाचलं, मान हलवायची नाही हे लक्षात ठेवून नुसता हात हलवला आणि म्हणाले, “चक्कर नाही हो मॅडम. गाडी उभी आहे आणि मला घाट लागलाय.”

मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. बुबुळं हळूच डावीकडे सरकत होती आणि झटक्यानं उजवीकडे परत येत होती. कॉक्लिअर इम्प्लांट बसवलं होतं ते डाव्या कानात. त्या कानाकडून मेंदूला जाणारी तोलाची बातमी एकाएकी घटली होती. उजव्या कानाची नेहमीसारखी चालू होती. दोन्हींचा हिशेब जुळेना, म्हणून मेंदू समजत होता की आपण उजवीकडे फिरतोय. खोली स्थिर, काका स्थिर, फिरत होता तो हिशेब.

त्यांच्या मुलाच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न होता, ऑपरेशन फसलं का? फसलं नव्हतं. पण असं होऊ शकतं हे त्या घराला आधी कोणीच नीट सांगितलं नव्हतं. आणि ज्यांनी सांगायला हवं होतं अशांमध्ये मीही होते. इम्प्लांटच्या आधीच्या भेटींमध्ये आम्ही ऑडिओलॉजिस्ट मशीन, बॅटरी, मॅपिंग (म्हणजे मशीनची जुळणी), खर्च यावर तासन्‌तास बोलतो. तोलाचा विषय संमतिपत्रातल्या एका ओळीत उरकतो. त्या दिवसापासून मी तो विषय पहिल्याच भेटीत काढते, आणि हा लेखही त्याच कारणासाठी आहे. तुमच्या किंवा घरातल्या कोणाच्या इम्प्लांटचं ठरत असेल, तर ऑपरेशनच्या तारखेआधी वाचा.

आधी वाडा समजून घेऊ. कानामागच्या हाडात, कवटीतल्या सगळ्यात टणक भागात, एका वाड्यात दोन बिऱ्हाडं राहतात. एक शंखाचं, म्हणजे कॉक्लिआचं. अडीच-पावणेतीन वेढ्यांचा हा शंख ऐकण्याचं काम करतो. दुसरं बिऱ्हाड तोलाचं. त्यात तीन अर्धगोल नळ्या आहेत, त्यांना मान कुठे आणि किती वेगानं वळली ते कळतं. आणि दोन पिशव्या आहेत, युट्रिकल आणि सॅक्यूल. गाडी सुटली, लिफ्ट वर निघाली, डोकं कलंडलं, हे त्या ओळखतात. दोन्ही बिऱ्हाडांचं पाणी एकच. आतल्या कानातला हा द्रव सगळा मिळून दोन-चार थेंबांचा, पण शंखाकडे काही खळबळ झाली की ती तोलाच्या खोल्यांपर्यंत पोचते. दोघांच्या तारा पुढे एकाच आठव्या मज्जातंतूत जातात. १८६१ साली पॅरिसमध्ये प्रॉस्पर मेनिएर या डॉक्टरनं गरगरण्याचं मूळ कानातही असू शकतं असं मांडलं, तोवर असल्या रुग्णांचा दोष सहसा मेंदूच्या माथी मारला जायचा.

इम्प्लांट बसवताना सर्जन कानामागचं हाड कोरून आत वाट करतात आणि दोन-तीन सेंटिमीटर लांबीची, मिलिमीटरहून बारीक तार शंखात सरकवतात. तार आत जाते तेव्हा तिच्या जागेचा द्रव थोडा बाहेर येतो, दाब बदलतो. नाजूक पडद्याला धक्का लागू शकतो. नंतर परक्या वस्तूभोवती सूज येते. शंखाचा सगळ्यात जवळचा शेजारी म्हणजे सॅक्यूल, आणि मार बहुधा त्यालाच बसतो. ऑपरेशननंतर केलेल्या चाचण्यांत सॅक्यूलचा प्रतिसाद कमी झालेला किंवा गेलेला दिसणं हे काही दुर्मिळ नाही. अर्धगोल नळ्या जरा लांब आहेत, त्या पुष्कळदा वाचतात. हल्ली तार अधिक लवचीक असते, ती गोल खिडकी नावाच्या नैसर्गिक दारातून सावकाश सरकवली जाते, सूज आटोक्यात ठेवायला स्टिरॉइडही देतात. हे सगळं उरलंसुरलं ऐकू येणं वाचवण्यासाठी सुरू झालं, पण शेजाऱ्यालाही त्याचा फायदा होतो. ‘तार कुठून घालणार?’ हा प्रश्न सर्जनना विचारायला संकोच करू नका. चांगला सर्जन त्याचं उत्तर आनंदानं देतो.

इम्प्लांटनंतर किती जणांना चक्कर येते, असंही विचारलं जातं. वेगवेगळ्या अभ्यासांचे आकडे एकमेकांपासून इतके लांब आहेत की मी कुठलाच सांगत नाही. एक कारण साधं आहे. वाटेल त्या त्रासाला चक्कर म्हटलं जातं.

इथे मराठी माणसाची मोठी सोय आहे, ती आपण वापरत नाही एवढंच. आपल्याकडे शब्दांची कमतरता नाही. भोवतालचं फिरतं ते गरगरणं. उठल्यावर डोळ्यांपुढे काळोख येतो ती अंधारी. शुद्ध हरपते की काय असं वाटतं ती घेरी. आजूबाजूचं काही फिरत नाही, पण चालताना पाय भलतीकडे पडतो, ते झोक जाणं. वैद्यकात हे चार वेगळे रस्ते आहेत. गरगरणं बहुतेकदा कानाकडे बोट दाखवतं. अंधारी रक्तदाबाकडे, रक्त कमी असण्याकडे, कधी औषधांकडे. घेरी हृदयाकडेही दाखवू शकते. झोक जाणं म्हणजे दोन्ही कानांचा तोल अधू असेल, किंवा पायांची संवेदना, किंवा मेंदू. दवाखान्यात गेलं की आपण हे सगळं ‘चक्कर येते’ या दोन शब्दांत गुंडाळतो आणि समोरचा एकच गोळी लिहून देतो. घरी जे म्हणता तेच डॉक्टरांपुढे म्हणा. ‘कूस बदलली की छत फिरतं’ हे वाक्य कुठल्याही इंग्रजी नावापेक्षा डॉक्टरांच्या अधिक कामाचं आहे.

आता ऑपरेशनच्या आधीचं. पहिलं म्हणजे कान निवडताना तोलाचीही तपासणी झाली आहे का, ते विचारा. समजा तुमचा डावा कान तोलाचं काम उत्तम करतोय आणि उजव्याचा तोल आधीच गेलेला आहे. अशा वेळी इम्प्लांट डाव्यात घातलं आणि तिथलाही तोल गेला, तर दोन्ही बाजू रिकाम्या. ऐकण्याच्या दृष्टीनं दोन्ही कान सारखे असतील, तर कमी तोलाचा कान निवडणं शहाणपणाचं. दोन्ही कानांत एकाच वेळी इम्प्लांट करायचं असेल तर ही तपासणी आणखी महत्त्वाची.

तपासण्या त्रासदायक नाहीत. व्हीएचआयटीत डोळ्यांवर कॅमेऱ्याचा चष्मा लावून मान हलके झटके देऊन वळवतात आणि नजर समोरच्या खुणेवर टिकते का ते पाहतात. कॅलरिकमध्ये कानात ३० आणि ४४ अंश सेल्सिअसचं पाणी, किंवा थंड-गरम हवा, सोडतात. दोन मिनिटं गरगरतं, ते अपेक्षितच आहे. व्हेम्पमध्ये मोठा आवाज किंवा कंप देऊन मानेच्या स्नायूतून सॅक्यूलचा प्रतिसाद टिपतात. या तिन्ही गोष्टी सगळीकडे मिळत नाहीत. नसतील तर निदान झटक्याची चाचणी हातानं करता येते, तिला यंत्र लागत नाही.

जुना इतिहासही सांगा, विचारला नाही तरी. मेंदूज्वर झाला होता का. टीबीसाठी इंजेक्शनं घेतली होती का. आपल्याकडे प्रौढपणी बहिरेपण आलेल्यांमध्ये हे उत्तर ‘हो’ असं पुष्कळदा येतं. स्ट्रेप्टोमायसिन आणि जेंटामायसिन ऐकण्यापेक्षा तोलावर अधिक घाव घालतात, कॅनामायसिन आणि अमिकासिन ऐकण्यावर अधिक. ज्यांचा दोन्हीकडचा तोल असा आधीच गेलेला असतो, त्यांना ऑपरेशननंतर गरगरण्याचा त्रास फारसा होत नाही. गमावायला काही उरलेलंच नसतं. पण त्यांची रोजची अडचण वेगळी असते. चालताना दुकानांच्या पाट्या उड्या मारतात, थांबलं तरच वाचता येतं. अंधारात पाय उचलवत नाही. अशांसाठी तोलाचं इम्प्लांट बनवण्याचे प्रयत्न चालू आहेत. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०२१ मध्ये आठ रुग्णांवरचे आशादायक निष्कर्ष प्रसिद्ध केले, पण ते अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहे. कोणी ‘तेही बसवून देतो’ म्हणालं तर उठून या.

आणि न्यूमोकोकल लस. तिचा चकरेशी थेट संबंध नाही, पण इम्प्लांटनंतर मेंदूज्वराचा धोका थोडा वाढतो म्हणून ती ऑपरेशनच्या किमान दोन आठवडे आधी पूर्ण झालेली बरी.

मूल असेल तर सगळं वेगळं. तीन वर्षांचं पोर ‘मला गरगरतंय’ म्हणत नाही. ते कडेवरून खाली उतरत नाही, जमिनीवर ठेवलं की रडतं, उलटी करतं, एका जागी बसून राहतं. पालकांना वाटतं, ऑपरेशनची भीती बसली. बहुतेक मुलं मोठ्यांपेक्षा लवकर सावरतात हे खरं, पण जन्मतः बहिऱ्या मुलांपैकी पुष्कळांचा तोल ऑपरेशनच्याही आधीपासून अधू असतो आणि कोणी तिकडे पाहिलेलं नसतं. मान उशिरा धरली का? दीड वर्ष उलटूनही चालत नव्हतं का? आजीच्या ‘मुलं उशिराच चालतात, याचा बापही उशिरा चाललेला’ या दिलाशाला मान द्या, पण तपासणी करून घ्या. चालायला उशीर झालेल्या बहिऱ्या मुलाच्या डोळ्यांचीही तपासणी हवी, कारण अशर नावाच्या आनुवंशिक आजारात बहिरेपण, अधू तोल आणि पुढे रातांधळेपण एकत्र येतात. मामाच्या मुलीशी लग्नाची चाल असलेल्या घरांत असे आजार उतरण्याची शक्यता जास्त.

आणखी एक, आणि ही गोष्ट मी प्रत्येक पालकाला सांगते. जन्मतः बहिरं मूल पळताना, घाबरल्यावर किंवा दचकल्यावर एकदम कोसळलं, क्षणभर शुद्ध गेली, तर ती कानाची चक्कर समजू नका. हृदयाचे ठोके बिघडवणारा एक दुर्मिळ आजार जन्मजात बहिरेपणासोबत येतो आणि तो साध्या ईसीजीत सापडू शकतो. भूल देण्याआधी तो ईसीजी झालेला असलाच पाहिजे.

ज्या मुलांचा दोन्हीकडचा तोल गेलेला आहे, त्यांना पोहायला पाठवताना माणूस हाताच्या अंतरावर हवा. पाण्यात पायाखाली जमीन नसते, डोळे मिटलेले असतात. वर कुठे आणि खाली कुठे हे अशा मुलाला कळत नाही, ते वर यायचं म्हणून तळाकडे जाऊ शकतं. टोरांटोच्या बालरुग्णालयातल्या डॉक्टरांना असंही आढळलं की तोल गेलेल्या मुलांची इम्प्लांटं जास्त वेळा निकामी होतात. पडणं, डोकं आपटणं हे त्यामागचं संभाव्य कारण. म्हणजे तोलाचे व्यायाम मशीनच्याही भल्याचे.

ऑपरेशननंतर गरगरणं कधी सुरू झालं, यावरून त्याचा अर्थ बदलतो. पहिल्या दिवसांतलं, काकांसारखं, सततचं गरगरणं मळमळीसह येतं आणि बहुतेकांचं काही दिवसांत ते एक-दोन आठवड्यांत ओसरतं. कान बरा झाला म्हणून नव्हे, तर मेंदू नवा हिशेब शिकतो म्हणून. हे शिकणं हालचालीनंच होतं. म्हणून आठवडाभर डोळे मिटून पडून राहणं ही रुग्णाची सगळ्यात मोठी चूक, आणि त्याला तसं पडू देणं ही घरच्यांची. उलटीची, चकरेची गोळी पहिले दोन-तीन दिवस ठीक. नंतर मेडिकलमधून पानामागून पान आणून महिनाभर घेत राहिलं, तर ती मेंदूलाच सुस्त ठेवते आणि शिकणं लांबतं. सर्जनांना विचारून बंद करा.

काही आठवड्यांनी, कूस बदलताना किंवा वर पाहताना एकदम छत फिरलं आणि मिनिटभरात थांबलं, तर ते बहुधा खड्यांचं. युट्रिकलमध्ये कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे शिंपल्यात असतो त्याच पदार्थाचे, सूक्ष्म खडे असतात. हाड कोरतानाच्या हादऱ्यानं ते सुटून नळीत शिरू शकतात. यावर गोळी नाही. डोकं ठरावीक क्रमानं वळवून खडे परत जागेवर नेण्याची एप्ली नावाची पद्धत आहे, पाच-दहा मिनिटांचं काम. मात्र यूट्यूब पाहून घरी करू नका. कुठला कान, कुठली नळी हे आधी ठरवावं लागतं, आणि जखम ताजी असेल तर सर्जनांची परवानगी लागते.

मशीन सुरू केल्यावर, साधारण तीन-चार आठवड्यांनी, मोठा आवाज आला की झोक जातो किंवा चेहऱ्याचा एखादा भाग फडफडतो, असं काहींना होतं. वीज शेजारच्या मज्जातंतूपर्यंत पाझरते त्याचा हा परिणाम. ते मॅपिंगमध्ये सुधारता येतं, सहन करत बसू नका. उलट काहींना मशीन लावल्यावर चालताना बरं वाटतं, कारण रस्त्याचे, भिंतींचे आवाजही दिशेचा अंदाज देतात. महिन्यांनंतर कान भरल्यासारखा होऊन तासन्‌तास गरगरण्याचे झटके येऊ लागले, तर पुन्हा सर्जनांकडे.

वाट पाहायची नाही अशी लक्षणं मात्र वेगळी. कानातून किंवा नाकातून पाण्यासारखा पातळ स्राव, ताप आणि मान ताठ, तोंड वाकडं होणं, शिंकलं-कुंथलं की दर वेळी गरगरणं, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले, हातापायातली शक्ती गेली किंवा आधार घेऊनही उभं राहता येईना, तर कानाच्या नव्हे, मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.

व्यायामांपैकी एकच इथे सांगते, कारण तो सगळ्यात उपयोगी आहे. सर्जनांनी मान हलवायला परवानगी दिली की खुर्चीत बसा. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचा एक आकडा धरा. नजर त्यावर ठेवून मान डावी-उजवी वळवा, आकडा पुसट होणार नाही एवढ्याच वेगानं. एक मिनिट. मग वर-खाली एक मिनिट. दिवसातून तीन-चार वेळा. थोडं गरगरलं तर ते चालेल, तेच तर औषध आहे. उलटीपर्यंत गेलं तर वेग कमी करा. जमू लागलं की उभं राहून, मग चालत. यापुढचं फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली.

घरातही थोडा फेरफार करावा लागतो. माणूस डोळे, कान आणि पाय या तिघांच्या जोरावर उभा असतो. मधुमेहानं पाय बधिर, मोतीबिंदूनं नजर मंद, आणि वर कानावर ऑपरेशन, असा माणूस रात्री लघवीला उठतो तेव्हा तिन्ही आधार एकदम सुटतात. इम्प्लांटचं मशीनही त्यानं उशाशी काढून ठेवलेलं असतं, म्हणजे हाक मारली तरी ऐकू जात नाही. पलंगापासून मोरीपर्यंत दिवा चालू ठेवा. न्हाणीघरात भिंतीला पकड बसवा, टॉवेलची दांडी नव्हे, ती उपटून हातात येते. सपाता टाळा, मागे पट्टा असलेली चप्पल घाला. पावसाळ्यात अंगणातलं शेवाळ घासून काढा. स्कूटरवर मागेही बसू नका, निदान मान झटकन वळवून पाहता येईपर्यंत.

आता काकांच्या वहीचं. त्यांना मी फक्त एवढंच लिहून दिलं होतं की कधी, काय करताना, किती वेळ आणि कुठल्या कुशीवर, हे टिपत जा. त्यांनी घरच्या वहीत वेबिलासारखे रकाने आखले. पहिल्या नऊ दिवसांच्या ओळी गच्च भरलेल्या, मग विरळ होत गेलेल्या. तीन आठवड्यांनी, डाव्या कुशीवर झोपायची परवानगी मिळाली त्या रात्रीपासून, पुन्हा नोंदी सुरू. ‘पहाटे ५.१०. डावी कूस. छत फिरलं. मोजून वीस.’ दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मुलगा धास्तावला होता, पण वही वाचल्यावर मला विचारायला फारसं काही उरलं नव्हतं. तपासणीत डाव्या कानाचे खडे निघाले, सर्जनांना विचारून त्याच दुपारी एप्ली केलं.

मॅपिंगच्या चौथ्या भेटीला त्यांनी वही पुन्हा पुढे केली. मधली दोन पानं कोरी होती. शेवटी एकच ओळ होती, ‘वाई ते पाचगणी. पसरणी घाट. खिडकीची सीट. काही नाही.’